गार पाण्याने गेलेला डाग

४ मार्च, मंगळवार

काचवाला आज पुन्हा उगवला. माणसाकडे एकूण शर्ट दोन, आणि पंधरवड्यात आमच्या लाँड्रीत फेऱ्या पाच. तो कशासाठी येतो ते कळायला चष्मा लागत नाही. त्याला बघून धाकटी अशी काही हसते की हातातल्या पावतीवर भलताच नंबर पडतो. सव्वीस वर्षांची घोडी झाली, पण माझ्या बहिणीची अक्कल अजून दुधाच्या दातांची.

आज म्हणे काच कापताना पट्टी निसटली. डाव्या बाहीला कोपरापासून मनगटापर्यंत रक्त. काचा बसवणाऱ्यालाच काच लागते, म्हणजे स्वारी कामात किती तरबेज ते कळलं. धाकटीने त्याचा हात धुतला, पट्टी बांधली आणि वर कहर म्हणजे आतून बाबांचा शर्ट आणून त्याला घालायला दिला. बाबांचा! बारीक निळ्या रेघांचा. बाबा गेल्यापासून दोन वर्षं मी तो कपाटात घडी न मोडता ठेवला होता. मी मागच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत तो दाराबाहेर पडलेला. तिथूनच ओरडला, "ताई, दोन दिवसांत आणून देतो हं!" ताई कोणाची? मला एकच बहीण आहे आणि तीही पुरेशी आहे.

धाकटीने नोंदवहीत काही लिहिलं नाही. "आपल्या माणसाचं काय लिहायचं?" म्हणाली. आपला माणूस! सहा महिन्यांपूर्वी समोरच्या खिडकीला काच बसवायला आला, आणि आता आपला झाला.

त्याचा रक्ताळलेला शर्ट शेवटी मीच भिजवला, कारण बाईसाहेब गरम पाण्याची बादली घेऊन निघाल्या होत्या. याच दुकानात लहानाची मोठी झाली, तरी रक्ताला गार पाणी आणि मीठ, चहाला उकळतं पाणी, एवढं डोक्यात शिरलेलं नाही. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग जन्माचा चिकटतो. पहिला हात मारला, अर्धा निघाला. तसाच दोरीवर टाकलाय. उरलेला परवा काढीन. फुकट्याला घाई कसली?

६ मार्च, गुरुवार

आज इतकं घडलं की क्रमाने लिहायला हवं.

काल संध्याकाळी काचेच्या दुकानाचा मालक मागच्या कारखान्यात मेलेला सापडला. काचवाला ज्याच्याकडे कामाला आहे तोच. मानेत काचेचा तुकडा. कोणीतरी खुपसला म्हणतात. आमच्या गल्लीला वर्षभराची मेजवानी मिळाली. ज्या बायका मालकाला जन्मात कधी भेटल्या नाहीत त्या डोळ्यांना रुमाल लावून कोपऱ्या-कोपऱ्यावर उभ्या.

सकाळी मी शटर वर करते तोच मालकीणबाई दारात. नवऱ्याला जाऊन जेमतेम एक रात्र उलटली, पण कपड्यावर एक सुरकुती नाही. याला म्हणतात घरंदाजपणा. हातात दिराचा कोट. म्हणाल्या, "अंत्यविधीला भावोजींना हाच घालायचाय. दुपारपर्यंत मिळेल ना? कफवर चहा सांडलाय." मी बाकी सगळं बाजूला सारून कोट हातात घेतला. काय लोकर! उकळत्या पाण्याने आटेल म्हणून आधी गार पाण्याचा बोळा फिरवून पाहिला, आणि गंमत म्हणजे डाग तेवढ्यानेच सुटायला लागला. चिमूटभर मीठ लावलं, बस्स. चहा असा सुटत नाही. पण उंची कापडाची बातच न्यारी, त्यावरचा डागसुद्धा अदबीने जातो. बाराच्या ठोक्याला कोट असा करून दिला की ब्रह्मदेव आला तरी डाग कुठे होता ते सांगू शकणार नाही.

तीन वाजता तपास अधिकारी आला. खिशावर शाईचा डाग, तोही जुना. हा खुनी शोधणार! काचवाल्याला सकाळीच बोलावून विचारलं होतं म्हणे, नेहमीचा चौकटीचा शर्ट कुठे आहे? त्या शहाण्याने सांगून टाकलं, लाँड्रीत. आणि तो आमच्या दोरीवर लटकलेला, बाहीवर अर्धवट रक्त घेऊन.

"हा कधी आला?"

धाकटी म्हणाली, "मंगळवारी. अकरा वाजता. त्याला काच लागली होती."

"मालकाचा खून काल, बुधवारी झाला," अधिकारी म्हणाला. "शर्ट मंगळवारी आला याला पुरावा काय? तो तुमचा कोण?"

धाकटी लाल झाली. अशा वेळी लाल होणं म्हणजे अर्धा कबुलीजबाब, पण तिला ते कोण सांगणार!

मग तो माझ्याकडे वळला. मी नोंदवही उघडून त्याच्यापुढे सरकवली. "आमच्याकडे नोंदीशिवाय कपडा घेत नाहीत."

"म्हणजे मंगळवारी आला नाही?"

"वहीत आहे ते आहे. नाही ते नाही."

त्याने पान उलटलं, मान डोलावली, शर्ट पिशवीत घातला आणि गेला.

मी खोटं बोललेले नाही. एक अक्षर नाही. तुम्ही स्वतः पाहिलात का, असं त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. बहुतेक. त्याने विचारलं नाही, त्याला मी काय करणार? सरकारी पगार घेऊन साधा प्रश्न विचारता येत नाही. चार दिवस आत बसला तर काचवाल्याच्या पायांना इकडची वाट जरा कमी आठवेल, एवढंच.

७ मार्च, शुक्रवार

त्याला काल संध्याकाळीच पकडलं. बाबांचा शर्ट अंगात असताना. त्या शर्टाची इस्त्री आता गेलीच.

पोलिसांकडे तीन गोष्टी आहेत. एक, मंगळवारी सकाळी तो मालकाशी भांडला होता. स्वतःचं दुकान काढायचं म्हणून काम सोडतो म्हणाला, मालक सोडेना. शेजारच्या सुताराने आरडाओरडा ऐकला. दोन, बुधवारी दुपारी तो कुठे होता? हात दुखत होता म्हणून खोलीवर पडून होतो, म्हणतो. पाहणारं कोणी नाही. तीन, शर्ट.

धाकटी सकाळपासून माझ्यामागे.

"ताई, तू सांग ना त्यांना. तूच तर भिजवलास."

"मला कोणी विचारलं नाही."

"मग आपण होऊन जा!"

"निरपराध असेल तर सुटेल. घाबरायचं कशाला?"

तिने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "नोंद मी केली नाही म्हणून तू मला शिक्षा देतेयस का?" घ्या! हिच्यासाठी आईच्या मागे अठरा वर्षं राबले, आणि मी शिक्षा देते! मी इस्त्रीचं बटण चालू केलं. वाफेच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, हा या धंद्याचा एकमेव फायदा.

१२ मार्च, बुधवार

धाकटी दुकानात नुसती शरीराने असते. आज पडद्यांच्या गठ्ठ्यात कोणाचे तरी लाल पायमोजे धुतले. सगळे पडदे गुलाबी.

प्रेम म्हणे. मला कोणी विचारलंच नाही अशातला भाग नाही. एकाने विचारलं होतं. चांगला नोकरीवाला. बाबांना पसंत होता. पण त्याने माझ्यादेखत शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. मी म्हटलं, ही बाही आयुष्यभर मी धुवायची? धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती. तो आला की माझ्या पाठीमागे लपून बसायची, मला घेऊन जाईल म्हणून. गेला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

हे मी का लिहितेय कोण जाणे.

३ एप्रिल, गुरुवार

आज काचवाल्याचा वकील आला. सरकारनेच दिलेला, म्हणजे काय प्रतीचा ते आलंच. कोटाचं अस्तर खालून उसवलेलं आणि एका टाचणीवर तोललेलं. मी त्याचं नाव उसवलेला ठेवलं.

"बाई, तुमची बहीण म्हणते की शर्ट मंगळवारी तुम्ही स्वतः भिजवलात."

"माझी बहीण बरंच काही म्हणते."

"भिजवलात की नाही?"

इतका सरळ प्रश्न त्या अधिकाऱ्याला सुचायला हवा होता. मी म्हटलं, "अस्तर शिवून हवं असेल तर कोट ठेवून जा. नसेल तर गिऱ्हाइकं थांबलीयत." दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्याने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "रक्त तपासलं. मालकाच्या गटाचं आहे. गंमत अशी, की काचवाल्याचाही गट तोच. सगळा खटला या एका बाहीवर उभा आहे, बाई. शर्ट मंगळवारी आला की खुनानंतर, एवढ्यावर त्या माणसाचा जन्म जाईल."

टाचणीवर अस्तर तोलणारा मला जन्माच्या गोष्टी शिकवतो!

तो गेल्यावर मी कोणतंही काम नीट केलं नाही. हवेत दमटपणा होता.

२१ जून, शनिवार

चार दिवसांचे साडेतीन महिने झाले.

धाकटी दर शनिवारी तुरुंगाच्या फाटकावर जाते. वाळून काटकी झाली आहे. माझ्याशी बोलते ते फक्त दुकानापुरतं. "तीन चादरी." "नीळ संपली." एका घरात दोन बायका, आणि दिवसभरात मोजून वीस शब्द. मला काय, मी एकटीच बडबडायला मोकळी.

मालकीणबाई आल्या होत्या. भावोजी आता दुकान बघतात, घरातलंही सगळं बघतात म्हणाल्या. किती आधार! संकटात माणसाचं खरं नातं दिसतं. जाताना विचारून गेल्या, "खटल्याचं काही कळलं का हो? एकदाचं मिटलं म्हणजे सुटलो." नवऱ्याच्या आठवणीने अगदी खंगल्या आहेत बिचाऱ्या.

दुपारी मी पोलीस चौकीपर्यंत गेले. का ते विचारू नये. मी म्हणणार होते, साहेब, शर्ट मंगळवारीच आला होता. एक वाक्य. अधिकारी जेवायला गेला होता. शिपाई म्हणाला, बसा. बाकावर शेंगांची टरफलं. मी उभीच राहिले. मग वाटलं, आता सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, इतके दिवस काय झोपला होतात? त्याला उत्तर काय? पहिल्या दिवशी एक वाक्य होतं, आता एक अख्खी गोष्ट झाली आहे, आणि त्या गोष्टीत मी काही बरी दिसत नाही. शिपाई म्हणाला, "काय काम होतं?" मी म्हटलं, "तुमच्या साहेबांच्या खिशावर शाईचा डाग आहे. पाठवून द्या, काढून देते."

परत आले. तो डाग काढायला मात्र त्यांनी अजून शर्ट पाठवलेला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज माझी साक्ष झाली.

मला बोलावलं होतं सरकारी वकिलाने, शर्ट आमच्याकडे मिळाला एवढं सांगायला. हा माणूस कडक कॉलरचा, पण खळ बाजारातली. लांबूनही कळतं, कडेला भुगा दिसतो. न्यायाधीशांच्या मानेशी तेलकट पट्टा. सगळं न्यायालय एकदा भट्टीला लावायला हवं. काचवाला पिंजऱ्यात उभा, निम्मा झालेला. मला बघून त्याने मान झुकवली. नमस्कार करतो! माझ्यामुळे आत बसलाय हे धाकटीने त्याला सांगितलं नसेल? की सांगूनही करतो? दोन्हींपैकी काय जास्त मूर्खपणाचं ते मला ठरवता येईना.

"हा शर्ट तुमच्या दुकानात मिळाला?"

"हो."

"त्याची नोंद आहे?"

"नाही."

इथपर्यंत ठीक होतं. मी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या कडक कॉलरने बाही न्यायाधीशांपुढे धरली आणि म्हणाला, "हे पाहावं. खून केल्यावर आरोपीने घाईघाईत, अडाण्यासारखा डाग धुवायचा प्रयत्न केला आहे. धुण्यातलं काडीचं ज्ञान नसलेल्या हाताचं हे काम आहे. डाग गेला तर नाहीच, उलट चहूकडे पसरला..."

मी म्हटलं, "कुठे पसरलाय?"

"बाई, तुम्हाला विचारलेलं नाही."

"कुठे पसरलाय ते दाखवा! कड बघा त्याची. पसरलेल्या डागाला अशी कड असते? गार पाणी, मीठ, आणि आतल्या बाजूने चोळलंय, बाहेरून नाही. अडाणी हात म्हणे! तो हात माझा आहे. मंगळवारी दुपारी पहिला हात मारला, दुसरा गुरुवारी मारणार होते, तेवढ्यात तुमची माणसं उचलून घेऊन गेली. दुसरा हात झाला असता तर तुम्हाला भिंग लावूनही काही दिसलं नसतं!"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "कोणता मंगळवार, बाई?"

"चार मार्च."

"म्हणजे खुनाच्या आदल्या दिवशी."

"चारनंतर पाच येते, त्याला मी काय करू?"

उसवलेला उठून उभा राहिला होता, पण हातातल्या कागदांत काहीतरी शोधत होता. बोलायला मिळालं तेव्हाच शोधाशोध! कडक कॉलर मात्र तयार होता. म्हणाला, सहा महिने ही बाई गप्प होती, आरोपी हिच्या बहिणीचा प्रियकर, आज अचानक आठवण झाली. याला पुरावा काय?

आणि मी बोलून गेले, "मी रोजच्या रोज लिहिते. त्या दिवशीचं लिहिलेलं आहे."

न्यायाधीश म्हणाले, "शुक्रवारी ती वही हजर करा."

१० सप्टेंबर, बुधवार

ही वही. हीच.

सकाळपासून ती पुढ्यात ठेवून बसले आहे. चार मार्चचं पान द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण पान उलटलं की सहा मार्च, आणि 'त्याने विचारलं नाही, त्याला मी काय करणार?' ते वाक्य. मग सात मार्चचं पान. बाराव्या तारखेचं ते नाक पुसणाऱ्याचं. न्यायाधीशांचा तेलकट पट्टासुद्धा आता यात आहे.

कात्री घेऊन आले होते. चार मार्च ठेवायचं आणि बाकीची पानं कापायची. पण मग तो कडक कॉलर म्हणणार, कापलेल्या पानांत काय होतं? आणि अख्ख्या वहीवरचा विश्वास जाणार. कापडाचं असंच असतं. एक धागा ओढला की सगळी वीण सुटते.

वही हरवली असंही सांगता येईल.

धाकटी स्वयंपाकघरात भाजी परतत होती. पाठ माझ्याकडे. मागे न वळता म्हणाली, "त्याने तुझं काम वाईट म्हटलं म्हणून तू बोललीस ना, ताई?"

"कशाही कारणाने का होईना, बोलले ना?"

"हो. म्हणून विचारते. त्याने तसं म्हटलं नसतं तर?"

मी म्हटलं, "भाजी लागतेय."

भाजी लागत नव्हती. तिने गॅस बंद केला आणि दोघींसाठी पानं घेतली. सहा महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर बसून जेवलो. ती काही मागत नव्हती. वही दे, असं एकदासुद्धा म्हणाली नाही. मागितली असती तर चार गोष्टी सुनावून नाही म्हणता आलं असतं.

शुक्रवारी नेऊन देणार आहे. जशीच्या तशी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हे दुसऱ्या वहीत लिहितेय. शाळेच्या रेघांची, कागद गचाळ, शाई फुटते.

आधी उसवलेल्याने चार मार्च वाचलं. 'दुधाचे दात' आल्यावर लोक हसले. धाकटी खाली बघत होती. 'फुकट्याला घाई कसली' आल्यावर काचवालाही हसला. एवढे महिने तुरुंगात काढून हसतो! हाताला पट्टी, कोपरापासून मनगटापर्यंत रक्त, गार पाणी, मीठ, सगळं तिथे तारखेनिशी होतं. मला वाटलं संपलं.

पण कडक कॉलर उठला. म्हणाला, ही साक्षीदार कशी आहे तेही कळू द्या. आणि त्याने स्वतः सहा मार्च वाचायला घेतलं. मला खोटारडी ठरवायला. चांगला ठसक्यात वाचत होता. कोपऱ्यावरच्या बायका, मालकीणबाई, दिराचा कोट. 'चहा असा सुटत नाही. पण उंची कापडाची बातच न्यारी.' त्यावर परत हशा. तो तसाच पुढे निघाला, नोंदवहीकडे.

"एक मिनिट," उसवलेला म्हणाला. "ते मागचं वाक्य पुन्हा वाचा."

कडक कॉलरने पुन्हा वाचलं. या वेळी ठसक्यात नाही. वाचता वाचता त्याचा आवाज हळू होत गेला.

उसवलेला माझ्याकडे वळला. "बाई, चहाचा डाग गार पाण्याने जातो?"

"नाही."

"गार पाण्याने आणि मिठाने काय जातं?"

मी वीस वर्षं डाग काढतेय. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सांगते की शाई आहे, गंज आहे की तेल. तो कफ माझ्या याच बोटांत होता. बोळा फिरवताना पाण्याला आलेला तांबूस रंग मी बशीत पाहिला होता. पाहिला होता, आणि उंची लोकरीचं कौतुक करत बशी ओतून दिली होती.

दुसऱ्या रांगेत मालकीणबाई बसल्या होत्या. कपड्याला एक सुरकुती नाही. शेजारी दीर. त्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला, आधार द्यावा तसा, फक्त त्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"बाई, प्रश्न विचारलाय."

मी म्हटलं, "रक्त."

३० सप्टेंबर, मंगळवार

काचवाला सुटला. निकालाची भाषा नेहमीसारखी, चाळीस शब्दांत जे मावेल ते चारशे शब्दांत. सार एवढंच, की शर्टाचा पुरावा टिकत नाही, भांडणावरून खून सिद्ध होत नाही. माझ्यासाठी स्वतंत्र परिच्छेद होता. 'सत्य ठाऊक असूनही केवळ आकसाने मौन पाळणाऱ्या या साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल न्यायालय तीव्र नापसंती व्यक्त करते.' आकस! लोकांच्या मनात काय आहे ते यांना वरून दिसतं. न्यायाधीशांचा झगा मात्र धुऊन आला होता. वहीतलं वाचलेलं दिसतंय.

तपास अधिकारी दुपारी दुकानात आला. दिराला आणि मालकीणबाईंना बोलावून दोन दिवस विचारलं, म्हणाला. दोघं एकच सांगतात, चहा होता. कोट तपासायला पाठवला. उलटा केला, उसवला, कफचा धागा न् धागा बघितला.

"आणि?"

"काही नाही. नवा कोरा असल्यासारखा." त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. "फार चोख काम करता, बाई तुम्ही."

वीस वर्षांत असं कौतुक मला कोणी केलं नव्हतं. मालकीणबाई आणि दीर दुकान विकून दुसऱ्या गावी जाणार आहेत असं ऐकते. जातील. त्यांना कोण अडवणार? अडवेल असं जे काही होतं, ते मी बाराच्या ठोक्याला मोरीत ओतलं.

मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, "शर्ट काढून द्या. तो शाईचा डाग काढते."

तो म्हणाला, "नको. राहू दे."

१८ ऑक्टोबर, शनिवार

धाकटी आज गेली.

परवा दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. मला सांगितलं होतं, ये म्हणून. मी म्हटलं, शनिवारच्या चादरी गुरुवारपासून भिजवाव्या लागतात. त्यावर तिने आग्रह केला नाही. चार तासांच्या अंतरावरच्या गावात त्याने काचेचं काम घेतलंय. दोन खोल्या. नळ बाहेर. राणीसाहेब बादल्या वाहणार.

सकाळी आठला तो सामान घ्यायला आला. दाराबाहेरच थांबला. मी म्हटलं, "आत यायला काय मुहूर्त लागतो का?" तर म्हणाला, "नको ताई, पायांना माती आहे." पाय पाहिले. खरंच माती होती. त्याच्या डाव्या हातावर पांढरट वण आहे, कोपरापासून मनगटापर्यंत. शिवणही धड घातली नव्हती कोणी.

सामान असं काय, एक पेटी आणि गादी. पेटीत तिने कपडे कसेतरी कोंबले होते. मी सगळे बाहेर काढून पुन्हा घड्या घालून दिले. ती शेजारी उभी राहून बघत होती. सगळ्यांत वर तिचा पिवळा कुर्ता होता, बाही जरा विरलेली. मी म्हटलं, "हा गार पाण्यात धू. चोळू नकोस. आणि नोंद..." पुढे काय म्हणायचं होतं ते विसरले.

"ताई," ती म्हणाली, "मी तुझी ती वही वाचली. वकिलांनी परत दिली तेव्हा. सगळी."

"लोकांच्या वह्या वाचू नयेत."

"टाळ्या मी वाजवल्या होत्या, ते मला आठवत नव्हतं."

मी पेटीचं झाकण लावलं. कडी बसत नव्हती, बसवली. इतकी वर्षं सांगतेय पेटीला तेल घाल.

दारात तिने चपला घातल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जाते."

मी म्हटलं, "'येते' म्हणावं. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, आईने किती वेळा सांगितलं होतं."

तिने वाकून चपलेचा पट्टा नीट केला. मला वाटलं, आता म्हणेल.

"जाते, ताई," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

एवढी शिकवली, पण साधं बोलायचं वळण लागलं नाही पोरीला. लोक मलाच नावं ठेवणार. शनिवारच्या चादरी भिजत पडल्या आहेत, आणि शटर मी अजून उघडलेलं नाही.